पटावर ३८, हजेरीला १४: गाव, तांडा आणि मोहल्ला एका अंगणवाडीत कसा यायचा?

प्रश्न नव्याने रुजू झालेल्या एका सेविकाताईंचा आहे. गाव बीड जिल्ह्यातलं, वडवणीच्या डोंगरपट्ट्यातलं. अंगणवाडीच्या क्षेत्रात साधारण ९५० माणसं, त्यांतली २३० सव्वा किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यावर. तीन ते सहा वयाची ३८ मुलं पटावर आहेत, पण चांगल्या दिवशीसुद्धा १४च येतात. नऊ मुलांना इंग्रजी बालवाडीची गाडी घेऊन जाते. तांड्यावरची दहा मुलं नावापुरती आहेत. गावाच्या कडेच्या मुस्लिम मोहल्ल्यातल्या पाच मुलांपैकी एकच येतं. पर्यवेक्षिका म्हणतात, "संख्या वाढवा." ताई विचारतात की संख्या कशी वाढवायची, आणि ही सगळी मुलं एकत्र आली तर ती एकमेकांत मिसळतील का?

ताई, तुमची नोंदणी कमी नाही, हे आधी सांगते. महाराष्ट्रात दर हजारी वर्षाला साधारण १५ जन्म होतात. ९५० लोकसंख्येला वर्षाला १४ धरा, म्हणजे तीन ते सहा या तीन वर्षांच्या वयोगटात ४०-४२ मुलं. तुमच्या पटावर ३८ आहेत. दोन-चार सुटली असतील, ती सर्वेक्षणात सापडतील. तेव्हा नवीन नावं शोधत फिरण्याची गरज नाही. ज्यांची नावं लिहिलेली आहेत ती का येत नाहीत, हा खरा प्रश्न आहे. आणि कोण येत नाही ते पाहिलं की लगेच दिसतं की न येणारी मुलं गावभर विखुरलेली नाहीत, ठरावीक वस्त्यांमधली आहेत. म्हणून संख्या आणि सगळ्या समाजांची मुलं एकत्र येणं हे दोन प्रश्न मला वेगळे वाटतच नाहीत. तुमच्या गावात तो एकच प्रश्न आहे.

आता तुमचेच आकडे मांडू. ३८ मधून १४ गेले, उरले २४. गाडीवाली ९, तांड्याची १०, मोहल्ल्याची ४ मिळून २३ होतात. एक मूल हिशोबात बसत नाही. ते कोण आहे, हे सगळ्यात आधी शोधा. सर्वेक्षणात नाव आहे, गावात राहतं, पण गाडीत नाही, तांड्यावर नाही, तरी येत नाही, असं एखादं मूल बहुतेक गावांत निघतं. पुष्कळदा ते चालायला किंवा बोलायला उशीर झालेलं असतं, झटके येणारं असतं, नाहीतर ऐकू कमी येणारं असतं, आणि घरच्यांनी "त्याला काय कळतंय" म्हणून बसवून ठेवलेलं असतं. त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

पहिलं काम म्हणजे शंभर पानी साधी वही. शासकीय नोंदवह्या वेगळ्या, ही तुमची स्वतःची. एका पानावर एक मूल: नाव, जन्मतारीख, वस्ती, घरात कोणती भाषा बोलतात, सकाळी मूल कोणाजवळ असतं, मागच्या महिन्यात किती दिवस आलं, आणि न येण्याचं कारण आईच्या तोंडच्या शब्दांत. "पालक उदासीन" असं लिहू नका, त्यातून पुढे काहीच करता येत नाही. "मी आठलाच वेचणीला जाते, त्याला दहा वाजता कोण सोडणार" असं लिहिलं की उपाय त्या वाक्यातच दिसतो. महिन्याच्या अहवालात अनुसूचित जाती, जमाती, अल्पसंख्याक आणि इतर असे रकाने असतात. आपल्या राज्यात बंजारा समाज विमुक्त जातींमध्ये येतो, त्यामुळे तांड्यावरची मुलं त्या रकान्यांत "इतर" मध्ये मिसळतात आणि अहवाल वाचणाऱ्याला तांडा दिसतच नाही. म्हणून तुमच्या वहीत वस्तीवार आकडा ठेवा आणि तोच बीटच्या (एका पर्यवेक्षिकेच्या हाताखालच्या अंगणवाड्यांच्या) बैठकीत मांडा: गावठाण इतके, तांडा इतके, मोहल्ला इतके, शेतवस्ती इतके. मुली आणि मुलगे वेगळे लिहा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. अशा जिल्ह्यात पटावर मुली कमी दिसल्या, तर त्या जन्मल्याच नाहीत की घरी भावंडं सांभाळत बसल्यात, हे नुसत्या बेरजेतून कळत नाही.

कागदपत्रांचं कारण तुमच्याकडे कोणी सांगितलं, तर ते तिथल्या तिथे निकाली काढा. २००१ पासूनचे सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आणि २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा यांनुसार सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला स्थानिक अंगणवाडीतून आहार मिळालाच पाहिजे. त्याला जातीचा दाखला लागत नाही, उत्पन्नाचा नाही, रहिवासी दाखलाही नाही. मुलाचं आधार नसेल तर पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या अॅपवर आईच्या आधारावर नोंद होते. वीटभट्टीवर किंवा पालावर चार महिन्यांसाठी उतरलेल्या कुटुंबाचं मूलही तुमच्या क्षेत्रात आहे तोवर तुमचंच. नाव मात्र आईला विचारून लिहा. बंजारा आणि मुस्लिम मुलांची नावं आपण आपल्या जिभेला सोपी करून लिहितो, मग ती आधारशी जुळत नाहीत आणि मुलाला स्वतःचंच नाव ओळखू येत नाही.

आता तांडा. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या हजेरीतलं सगळ्यात मोठं भगदाड इथे आहे.

तीन वर्षांचं मूल सव्वा किलोमीटर चालायला अर्धा तास तरी घेतं, आणि रोज जाऊन येऊन अडीच किलोमीटर चालणं त्याच्या आवाक्यातलं नाही. वाटेत ओढा किंवा डांबरी रस्ता असेल तर आई पाठवणारच नाही, आणि ते बरोबरच आहे. मदतनीसताईंना "जाऊन घेऊन या" सांगणंही पुरेसं नाही. इतकी लहान मुलं रस्त्याने आणताना एका मोठ्या माणसाकडे पाच-सहाच्या वर मुलं नसावीत. त्या दहा मुलांना आणायला गेल्या, तर इकडे स्वयंपाक आणि गावातली फेरी कोण करणार?

त्यामुळे तीन वाटा उरतात, आणि कोणती चालेल ते तुमच्या तांड्यावर अवलंबून आहे. तांड्यावरची मोठी मुलं गावातल्या जिल्हा परिषद शाळेत येत असतील, तर तुमची वेळ शाळेच्या वेळेशी जुळवून घ्या. साडेचार-पाच वर्षांची मुलं मोठ्या भावंडांबरोबर येतात आणि त्यांच्याबरोबरच परततात. यातून दहापैकी तीन-चार मिळतील, तीन वर्षांची मिळणार नाहीत. दुसरी वाट म्हणजे आठवड्यातले ठरावीक दिवस तांड्यावरच बालशिक्षणाचा वर्ग भरवणं: समाजमंदिरात, सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर किंवा जुन्या वस्तीशाळेच्या खोलीत. त्यासाठी पर्यवेक्षिकेची लेखी परवानगी घ्या, नाहीतर भेटीच्या दिवशी तुम्ही केंद्रावर गैरहजर ठरता. तांड्याचे नायक आणि कारभारी यांच्याशी आधी बोला. त्यांनी जागा झाडून दिली की अर्धं काम होतं. पिण्याच्या पाण्याची आणि सावलीची सोय बघा, आणि आहार तिथे गरम पोहोचेल याची व्यवस्था झाल्याशिवाय वर्ग सुरू करू नका.

तिसरी वाट म्हणजे तांड्याला स्वतःची अंगणवाडी. एका अंगणवाडीला ४०० ते ८०० लोकसंख्या हा सर्वसाधारण निकष आहे, आणि १५० ते ४०० लोकसंख्येच्या वस्तीला मिनी अंगणवाडी. तुमचा तांडा २३० चा आहे, म्हणजे निकषात बसतो. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या निकालात सांगितलं आहे की सहा वर्षांखालची ४० मुलं असलेल्या वस्तीत अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी. तुमच्या तांड्यावर शून्य ते सहाची चाळीस मुलं बहुधा भरणार नाहीत, म्हणून लोकसंख्येच्या निकषावर मागा. ग्रामसभेचा ठराव, सहा वर्षांखालच्या सगळ्या मुलांची यादी (नाव, जन्मतारीख, पालकाची सही किंवा अंगठा), केंद्रापासूनचं अंतर, वाटेतला ओढा किंवा रस्ता, आणि तांड्यावर उपलब्ध असलेली जागा, एवढं जोडून अर्ज बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्यायचा, प्रत जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाला. अर्ज पालकांच्या नावाने जावा. तुमच्या नावाने गेला की ती कर्मचाऱ्याची तक्रार ठरते.

इथेच एक गोष्ट ठासून सांगते. संख्येचा तगादा लागला की तांड्यावरच्या मुलांची हजेरी कागदावर भरण्याचा मोह होतो. ती भरू नका. साठ्याचा ताळमेळ तर बिघडतोच, २४ जणांचा आहार वाटल्याचं लिहायचं आणि १४ जणांनी खायचं हे तपासणीत उघडं पडतं. पण खरं नुकसान तांड्याचं होतं. तांड्याच्या मागणीवर उत्तर येतं, "तांड्यावरची दहाही मुलं मूळ केंद्रात नियमित येतात, स्वतंत्र अंगणवाडीची आवश्यकता नाही." ज्या मुलांनी तुमचा उंबरा ओलांडलेला नाही त्यांची वाट तुमच्याच नोंदवहीने बंद होते. खरी हजेरी लिहा, ती कमी असली तरी. तांड्याच्या बाजूने तेवढा एकच पुरावा असतो.

मोहल्ल्याचं कारण वेगळं आहे. तिथे अंतर नाही. पाचातलं एक येतं, म्हणजे वाट आहे, पण बाकीच्यांना कोणी बोलावत नाही. मदतनीसताईंची सकाळची फेरी कोणत्या गल्लीतून सुरू होते ते बघा. बहुतेक गावांत ती मदतनिसांच्या स्वतःच्या घरापासून सुरू होते, ओळखीच्या दारांवरून जाते आणि वेळ झाली की संपते. शेवटची वस्ती नेहमी तीच राहते. फेरी उलटी करा. सगळ्यात लांबच्या आणि सगळ्यात कमी मुलं येणाऱ्या वस्तीपासून सुरुवात करून अंगणवाडीकडे या. त्याला जास्तीचे पैसे लागत नाहीत की माणूस लागत नाही. बौद्धवाडा किंवा मातंग वस्ती गावाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर तिलाही हेच लागू.

मोहल्ल्यातल्या आयांना भेटायला दुपारी जा, आणि पहिल्या भेटीत तुमच्याबरोबर त्या येणाऱ्या एका मुलाची आई असू द्या. तिने सांगितलेलं पटतं. त्या साधारण तीन गोष्टी विचारतील: खायला काय असतं, मुलगी मोठ्या मुलांत बसते का, आणि शिकवणं कोणत्या भाषेत. तिन्हीची सरळ उत्तरं द्या. आहार शिजताना एकदा येऊन बघा म्हणा. रमजानच्या महिन्यात घरं पहाटे उठतात आणि मुलं उशिरापर्यंत झोपतात, तेव्हा त्या दिवसांत थोडा उशीर झालेलं मूल परत पाठवू नका.

वेळेचंही बघा. सोयाबीन काढणीला आणि कापूस वेचणीला बायका सकाळी आठलाच निघतात. अंगणवाडी दहाला उघडणार असेल, तर मूल आईबरोबर शेतात जातं किंवा आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर बसतं. मग त्या बहिणीची शाळाही बुडते. काढणीच्या दोन महिन्यांत केंद्र लवकर उघडण्याचं बीटमध्ये बोलून ठरवता आलं, तर हजेरीत फरक पडतो. माझ्या पाहण्यात घरोघरच्या भेटींपेक्षाही याचा उपयोग जास्त होतो.

आता पंगत. एकत्र येतील का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर खेळाच्या आधी इथे मिळतं.

आहार डब्यात घालून घरी देण्याची पद्धत असेल तर ती थांबवा. तीन ते सहाच्या मुलासाठी रोज ठरावीक उष्मांक आणि प्रथिनं असा हिशोब आहे. डबा घरी गेला की तो तीन भावंडांत वाटला जातो, मुलाच्या पोटात त्यातलं निम्मंही जात नाही, आणि हजेरी लागलेली असल्यामुळे आपल्याला वाटतं मूल आलं होतं. शिवाय डबा नेणारं मूल दहा मिनिटंच थांबतं, त्यामुळे त्याच्या वाट्याला ना गाणी येतात ना मैत्री. आणि काही घरं डबा नेतात तो वेगळ्याच कारणाने, दुसऱ्या जातीच्या मुलांच्या पंगतीत मूल बसू नये म्हणून. हे कोणी तोंडावर बोलत नाही. पण कोणाचे डबे जातात आणि कोणाची मुलं बसून खातात, हे आठवडाभर बघितलं की कळतं.

उपाय नियमात ठेवा, भाषणात नको. ताटं सगळी केंद्राची आणि एकसारखी. घरचं ताट आणायचं नाही. हात धुण्याची रांग उंचीप्रमाणे लावायची आणि त्याच रांगेने बसायचं, म्हणजे कोण कोणाजवळ बसलं हे रोज बदलतं आणि त्यात कोणी कोणाला मुद्दाम बसवलेलं नसतं. पाण्याचा माठ एक, ओगराळं एक. वाढायला रोज दोन मुलं, आणि ती पाळी वस्ती न बघता पटाच्या क्रमाने. सेविका आणि मदतनीस त्याच पंगतीत बसून तेच खातात, हे फार महत्त्वाचं. एखाद्या आजोबांनी येऊन तक्रार केली तर वाद घालू नका. "पटाच्या क्रमाने पाळी आहे, सगळ्यांना सारखी" एवढंच सांगा आणि क्रम मोडू नका. एकदा एका घरासाठी मोडला की दुसऱ्या दिवशी चार घरं येतात. त्याहून जास्त ताणलं गेलं तर पर्यवेक्षिकेला लेखी कळवा. तो भार एकट्याने उचलायचा नसतो.

भाषेबद्दल. तांड्यावरचं तीन वर्षांचं मूल घरात गोरमाटी बोलतं, मोहल्ल्यातलं दखनी उर्दू. मराठी त्याच्या कानावर असते, तोंडात नसते. तुम्ही "मांडी घालून बसा" म्हटलं आणि ते उभंच राहिलं, तर ते हट्टी नाही, त्याला शब्द कळला नाही. असं मूल पहिले दोन-तीन आठवडे गप्प राहतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याचं येणं सुटतं. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर त्या त्या भाषेतले वीस-पंचवीस शब्द आईकडूनच लिहून घ्या: ये, बस, पाणी, भूक, लघवी, दुखतंय, घाबरू नको, आई येतेय, घरी जायचंय, ताईचा हात धर. गोरमाटीत आईला याडी म्हणतात आणि भाकरीला बाटी. "याडी येतेय" हे दोन शब्द तुमच्या तोंडून ऐकले की रडणं निम्मं होतं. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उमरगा-निलंग्याकडे कन्नड, किनवट-माहूरकडे गोंडी आणि कोलामी बोलणारी मुलं असतात, तिथेही हीच पद्धत.

मराठी सूचना देताना कृती आणि शब्द बरोबर ठेवा: म्हणा, करून दाखवा, परत म्हणा. रोजच्या सूचना रोज त्याच शब्दांत द्या, एक दिवस "आवरा" आणि दुसऱ्या दिवशी "गोळा करा" असं नको. चित्र दाखवून "हे काय?" विचारलं आणि मुलाने स्वतःच्या भाषेत सांगितलं तर ते बरोबर उत्तर आहे. "हो, बाटी. भाकरी" असं म्हणून पुढे जा. चूक म्हणून दुरुस्त करू नका. आणि पाहुण्यांसमोर "तुमच्या भाषेत बोलून दाखव" म्हणून मुलाला उभं करू नका. ते वेगळेपण दाखवणं होतं, मुलाला ते कळतं.

मिसळण्याचं म्हणाल, तर पहिल्या आठवड्यात एका वस्तीची मुलं एकमेकांना चिकटून बसतील, बसू द्या, त्यांना तोच आधार असतो. नव्या मुलाला पहिले तीन-चार दिवस तासभरच ठेवा, आई किंवा आजी बरोबर असू द्या, मग वेळ वाढवा. सगळ्यांना एकाच दिवशी बोलावू नका. तांड्यावरची किंवा मोहल्ल्यातली दोन-तीन मुलं एका आठवड्यात, पुढची दोन-तीन पुढच्या. दहा नवी मुलं एकदम रडायला लागली तर दोन बायकांना आवरत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून चार-पाच मुलांचे गट करा. गटात वय मिसळा आणि वस्त्याही मिसळा, पण प्रत्येक गटात एका भाषेची किमान दोन मुलं ठेवा. एकटं पडलेलं मूल खेळत नाही, बघत बसतं. गटाला एकच सामान द्या: एक परात ज्वारी-हरभरा निवडायला, एक टोपली ठोकळे, एकच चेंडू. सामान एक असलं की मागावं लागतं, द्यावं लागतं, बोलावं लागतं. धान्याच्या दाण्यांजवळ धाकटी भावंडं येऊ देऊ नका. ती नाकात-कानात घालतात.

गटांना "तांड्याची मुलं", "मोहल्ल्याची मुलं" असं बोलण्यातही म्हणायचं नाही. वस्तीचा हिशोब तुमच्या वहीत, मुलांच्या कानावर फक्त त्यांची नावं. भिंतीवरच्या चित्रांत बैलगाडी आणि वाडा असतोच, त्यात आरसे लावलेला बंजारा पोशाख घातलेली बाई, टोपी घातलेले आजोबा, पत्र्याचं घर, कोपी (ऊसतोड मजुरांची झोपडी) हेही येऊ द्या. १५ फेब्रुवारीची सेवालाल जयंती, १४ एप्रिल, ईद आणि पोळा, सगळ्यांना सारखाच अर्धा तास द्या, आणि गाणं किंवा गोष्ट त्या घरातल्या आजीला येऊन सांगू द्या.

गाडीने जाणाऱ्या नऊ मुलांच्या मागे आधी लागू नका. त्या घरांनी पैसे देऊन निर्णय घेतलेला आहे, आणि गावातली बरी परिस्थिती असलेली मुलं परत आली की पट भरतो आणि तांडा पुन्हा विसरला जातो. त्यांचं वजन-उंची, लसीकरण तुमच्याकडेच असतं, तेव्हा संबंध ठेवा. पालक विचारतात, "तिथे ए बी सी डी लिहितात, तुमच्याकडे काय?" तेव्हा सांगा की तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल धरायचं बळ नसतं, ते माती मळण्यातून, मणी ओवण्यातून, कागद फाडण्यातून येतं. आणि पहिलीत प्रवेशाला ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे अडीच वर्षांच्या मुलाला घाईने बसवून वर्ष वाचत नाही. महिन्यातून एकदा पालकांसमोर मुलांना रोजचं काम करू द्या, पाठांतर नको. पाच वर्षांचं मूल चित्र बघून स्वतः गोष्ट सांगतं हे आईने डोळ्यांनी बघितलं की प्रश्न कमी होतात. फी थकली की दिवाळीनंतर यातली एक-दोन मुलं परत येतात. "आलात का शेवटी" असं कोणाच्या तोंडून निघू देऊ नका.

हिशोबात न बसणारं ते एक मूल. त्याला आधी घरी जाऊन भेटा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्याची तारीख आधी घेऊन मुलाला त्या दिवशी आणवून तपासून घ्या, आणि पथकाने जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं तर चिठ्ठीची नक्कल वहीत लावा. रोज आणायला आई तयार नसेल तर आठवड्यातून दोन दिवस, पंगतीच्या वेळेला, आईसकट. झटके येत असतील तर औषध कधी दिलं आणि काय करायचं हे आईकडून लिहून घेतल्याशिवाय एकटं ठेवून घेऊ नका.

शेवटचं, आणि तुमच्या भागात सगळ्यात घाईचं. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या हलतील. सातवी-आठवीच्या मुलांना हंगामी वसतिगृह किंवा आजी-आजोबा असतात, पण तीन-चार वर्षांचं मूल कोयत्याबरोबरच, म्हणजे ऊस तोडणाऱ्या आईबापांबरोबरच जातं, आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत आणि उसाच्या फडात राहतं. म्हणजे तांड्यावरच्या मुलांना तुमच्याकडे खरे मिळतात ते जून ते ऑक्टोबर, पाच महिनेच. त्यांच्यासाठी वर्षाची आखणी जूनपासून करा: सोबत राहणं, भाषा आणि पंगत हे या महिन्यांत पक्कं झालं पाहिजे.

दसऱ्याच्या आधीच मुकादमाकडून किंवा घरातून विचारून घ्या की कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या कारखान्यावर जाणार, आणि नवराबायकोपैकी चालू राहणारा मोबाइल कोणाचा. निघण्याच्या आठवड्यात वजन-उंची घ्या, राहिलेली लस आरोग्यसेविकेकडून देऊन घ्या, माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या हातात द्या आणि ते पेटीत नको, अंगावरच्या पिशवीत ठेवायला सांगा. पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करा. नाव कमी करू नका आणि गैरहजर म्हणूनही सोडू नका. नोंद झाली की कारखान्याकडच्या सेविकेला ते मूल आपल्याकडे घेता येतं. आईला एक वाक्य पाठ करून द्या: "आमचं मूल बीडच्या अंगणवाडीत आहे, इथे नोंद करा." सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे हे चालतं. कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे गेलेल्या टोळ्यांना भाषेची अडचण येते, तेव्हा कार्डाच्या मागे मोबाइल क्रमांक आणि मुलाचं वजन मोठ्या आकड्यांत लिहून द्या.

परतल्यावर पहिल्या आठवड्यात पुन्हा वजन-उंची आणि दंडाचा घेर. पाच वर्षांखालच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर ते तीव्र कुपोषण आहे. पुढच्या बैठकीची वाट न बघता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला दाखवा. ११.५ ते १२.५ च्या मधलं मूलही दर आठवड्याला बघायचं. उन्हाळ्यात आलेल्या मुलांना "आता सुट्टीच लागेल" म्हणून टाळू नका. तो महिना आहारासाठी तरी आलंच पाहिजे. आणि ज्यांना सहा पूर्ण होतायत त्यांची यादी जिल्हा परिषद शाळेच्या पहिलीच्या शिक्षकांना "पहिलं पाऊल" या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्याआधी द्या. तांड्यावरची मुलं त्या यादीतून सुटली तर पहिलीतही उशिरा दाखल होतात.

तांड्यावर समाजमंदिराची खोली आहे का, वाटेत ओढा आहे का, आणि तांड्याची मोठी मुलं गावच्या शाळेत येतात की नाही, एवढं कळवा. तीन वाटांपैकी कोणती आधी धरायची ते त्यावर ठरेल, आणि अर्जाचा मसुदा तुमच्या तांड्याप्रमाणे लिहून देता येईल.